क्रिस्टल तापवल्यावर आत नक्की काय झालं ते कसं शोधायचं: एमएस्सी प्रोजेक्टवाल्यांसाठी

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कसाठी (मेटल आणि ऑरगॅनिक रेणू जोडून केलेली पोकळ जाळी) मिळालं आणि पुण्यातल्या कॉलेजांमध्ये प्रोजेक्टला हाच विषय पाहिजे म्हणणारी मुलं वाढली, चांगलंच आहे. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर ही विज्ञान संस्था, गणेशखिंडीत युनिव्हर्सिटी, म्हणजे मशिनं जवळ आहेत. पण बरेच जण टीजीएचा (सॅम्पल तापवत त्याचं वजन मोजत जायचं) एक ग्राफ काढतात, इतके टक्के वजन कमी झालं म्हणून पाणी गेलं असं लिहितात आणि तिथेच थांबतात. टीजीए फक्त किती वजन बाहेर गेलं ते सांगतं, जे मागे राहिलं त्याच्यात कुठला बॉन्ड तुटला आणि कुठला नवीन जुळला हे ते सांगू शकत नाही, आणि खरी रिॲक्शन तर तिथेच असते.

सगळ्यात आधी सेफ्टी. ऑरगॅनिक लिगँडवाल्या (लिगँड म्हणजे मेटलला जोडलेला रेणू किंवा आयन) कॉम्प्लेक्समध्ये परक्लोरेट किंवा अझाइड असेल तर तापवायचं नाही, स्फोट होऊ शकतो, थोडंसंच घेतो म्हणून पण नाही. क्रिस्टलायझेशनला ॲनायन (ऋण आयन) लागत असेल तर हे सोडून दुसरा निवडा.

सॅम्पल मायक्रोस्कोपखाली बघून निवडा, एकसारखे स्वच्छ क्रिस्टल घ्या. फिल्टर पेपरवर हलकं दाबून वरचं पाणी टिपून घ्या, नाहीतर ग्राफ तीस डिग्रीपासूनच उतरायला लागतो आणि पहिली स्टेप कुठून सुरू झाली तेच कळत नाही. पण वाळवायच्या नादात व्हॅक्यूममध्ये रात्रभर ठेवू नका, जे पाणी मोजायचंय तेच निघून जाईल. जोरात घोटणंही टाळा, काही सॉल्व्हेटचं (क्रिस्टलमध्ये सॉल्व्हंट अडकलेले पदार्थ) सॉल्व्हंट नुसतं घोटल्यानेच निघतं.

मशिनवर आधी कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट चालवून बघा. पाणी १२.३ टक्के, मग कार्बन मोनॉक्साइड १९.२, मग कार्बन डायऑक्साइड ३०.१, असे तीन टप्पे बरोबर आले तर पुढे आपल्या सॅम्पलवर विश्वास ठेवता येतो. ५ ते १० मिलिग्रॅम पुरे, स्पीड मिनिटाला ५ किंवा १० डिग्री, आणि गॅस कुठला होता ते वहीत लिहायचंच. कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट घेतलं तर पाण्याचे ९ टक्के दोन्हीकडे जातात, पण हवेत शेवटी क्युप्रिक ऑक्साइड उरतं, हिशोबाने ३९.८ टक्के, आणि नायट्रोजनमध्ये कॉपर मेटल किंवा क्युप्रस ऑक्साइडकडे गाडी जाते, त्यामुळे गॅस लिहिला नसेल तर शेवटच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि यासाठी माझं आवडतं उदाहरण जुन्या कोबाल्ट केमिस्ट्रीतलं आहे. ॲक्वापेंटाअमाइनकोबाल्ट(III) क्लोराइड तापवलं की ६.७ टक्के वजन जातं, म्हणजे एक पाणी. ग्राफवर हे क्रिस्टलमध्ये नुसतं अडकलेलं पाणी गेल्यासारखंच दिसतं. प्रत्यक्षात मेटलला बांधलेलं पाणी निघतं आणि बाहेर बसलेला क्लोराइड त्या जागी मेटलला जोडला जातो, विटकरी लाल रंग जाऊन जांभळा येतो. तपासायचं कसं, तर थोडं थंड पाण्यात विरघळवून लगेच सिल्व्हर नायट्रेट टाका, आधी तीन क्लोराइड पटकन खाली बसायचे, आता दोनच बसतात. ही टेस्ट कोबाल्ट(III) ला चालते कारण त्याचे लिगँड सावकाश बदलतात. कॉपर किंवा झिंकच्या बाबतीत विरघळवलं की सगळं लगेच अदलाबदल होतं आणि तापवून केलेलं सगळं वाया जातं, म्हणून तिथे सॉलिडच तपासायचं.

त्याच्याही पुढचं म्हणजे वजन अजिबात न बदलता होणारी रिॲक्शन. नायट्रिटोपेंटाअमाइनकोबाल्ट क्लोराइडमध्ये नायट्राइट आधी ऑक्सिजनने जोडलेला असतो, मग उलटून नायट्रोजनने जोडला जातो. रूम टेंपरेचरला पण हळूहळू होतं, तापवलं की पटकन. टीजीए इथे सरळ रेषच दाखवेल. आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम, आकडे cm⁻¹ मध्ये) मात्र १०६५ च्या आसपासचा नायट्रिटोचा पट्टा जाऊन १३१५ आणि ८२५ जवळ नायट्रोचे येतात. आयआर शक्यतो एटीआरवर (पावडर तशीच ठेवून मोजायची सोय) घ्या, केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेटमध्ये दाब आणि ब्रोमाइड दोन्हींमुळे सॅम्पल बदलू शकतं.

म्हणून पद्धत अशी ठेवा: ग्राफ जिथे सपाट होतो त्या टेंपरेचरला थांबायचं, दुसरं ताजं सॅम्पल तिथपर्यंतच तापवायचं आणि त्याचा पावडर एक्सआरडी (एक्स-रेने क्रिस्टलची रचना बघायची) आणि आयआर घ्यायचा. शार्प पीक जाऊन नुसता फुगवटा आला तर क्रिस्टल कोसळलाय, नवीन शार्प पीक आले तर नवीन फेज, म्हणजे वेगळी क्रिस्टल रचना. मग तेच सॅम्पल पाण्याच्या वाफेत ठेवून परत एक्सआरडी घ्या, जुने पीक परत आले तर रिव्हर्सिबल. इथे पुण्याचा पावसाळा नडतो हो. एचकेयूएसटी-१, म्हणजे १९९९ मध्ये हाँगकाँगला बनलेलं कॉपरचं फ्रेमवर्क, कॉपरवरचं पाणी गेलं की फिकट निळ्याचं गडद जांभळट निळं होतं, आणि जुलैच्या हवेत उघडं ठेवलं तर रंग परत फिकट व्हायला लागतो. म्हणजे सॅम्पल ओव्हनमधून एक्सआरडीपर्यंत नेता नेता तुम्ही परत सुरुवातीलाच पोचलेले असता. गरम असतानाच सील करा, कॅपिलरीत भरा, आणि जिथे हीटिंग स्टेजवाला एक्सआरडी मिळत असेल तिथे स्लॉट मागा, तो मिळेपर्यंत थांबायला लागलं तरी चालेल.

सिंगल क्रिस्टल न फुटता बदलावा असं वाटत असेल तर छोटा क्रिस्टल घ्या आणि मिनिटाला एक-दोन डिग्रीनेच तापवा. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हे सॉल्व्हंट) भरलेलं फ्रेमवर्क असेल तर आधी मेथनॉलमध्ये बदलून घ्या, कमी टेंपरेचरला निघतं. हॉट-स्टेज मायक्रोस्कोप असेल तर क्रिस्टलवर पॅराफिन ऑइलचा थेंब टाकून बघा, बुडबुडे सुरू झाले की गॅस निघाला, आणि बुडबुडे न येता रंग किंवा आकार बदलला तर आतल्या आत काहीतरी झालंय, त्या टेंपरेचरची नोंद करून डीएससीच्या (तापवताना किती उष्णता घेतली किंवा सोडली ते मोजणारं मशिन) पीकशी जुळवा.