१८७० साली वायोमिंगला रँच काढायची असेल तर

परवा धारा काढताना भाचा विचारत होता, मामा काऊबॉय नेमकं करायचे काय, पिक्चरमध्ये तर नुसत्या गोळ्या झाडतात. आता माझ्याकडं सहा म्हशी, त्यातल्या दोन आटलेल्या, तरी मला दिवसभर मान वर काढता येत नाही, मग हजारानं जनावरं सांभाळणाऱ्याला गोळ्या झाडायला वेळ कुठला? त्याला जे सांगितलं तेच इथं टाकतोय, समजा आपल्यालाच १८७० च्या सुमारास तिकडं अमेरिकेत वायोमिंगला जाऊन रँच, म्हणजे माळावर हजारानं जनावरं पाळायची जागा, काढायचीय असं धरून.

आधी जनावरं बघत हिंडू नका, पाणी बघा. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं सरकार १६० एकर द्यायचं, पाच वर्षं तिथं राहून जमीन कसली की नावावर. १६० एकर म्हणजे ६४०० गुंठे, आपल्याकडं चार गुंठ्यांसाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात. पण तिकडचा माळ कोरडा, एका जनावरालाच कित्येक एकर गवत लागतंय, तेव्हा एवढ्यानं भागत नाही. म्हणून ती जमीन ओढ्याच्या काठानंच धरायची. पाणी आपल्या हातात असलं की मागचा सगळा सरकारी माळ चरायला फुकट, दुसरा कोण तिथं जनावरं घालणार? आणि हा माळ काय रिकामा पडलेला नव्हता बरं का, लकोटा, शायेन या तिथल्या मूळच्या लोकांचा होता, त्यांना हटवलं, ते ज्यावर जगायचे ते बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, लाखांनी मारले आणि मग रँचा उभ्या राहिल्या. पिक्चरवाले हे सहसा सांगत नाहीत.

जनावरं टेक्सासातनं आणायची, लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगांची गुरं. १८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा तिथं जनावरं उदंड आणि गिऱ्हाईक नाही, चारेक डॉलरला एक मिळायचं, उत्तरेत त्याचेच चाळीसपर्यंत यायचे. १८६७ ला जोसेफ मॅककॉयनं कॅन्ससात ॲबिलीनला रेल्वेच्या कडेला मोठे कोंडवाडे बांधले, तिथनं जनावरं रेल्वेत चढवून शिकागोकडं जायची.

टेक्सासातनं दोन-अडीच हजारांचा कळप चालवत आणायचा तर त्यामागं दहा-बारा घोडेस्वार, एक आचारी आणि जादा घोडी सांभाळायला एक पोरगं लागतंय. दिवसाला १६ ते २४ किलोमीटर, जास्त नाही, आपण पाडव्याला गाडीमागं म्हशी पळवतो तसलं काही करायचं नाही, पळवली की वजन उतरलं आणि वजन उतरलं की पैसे गेले. नवख्याला सगळ्यात मागं ठेवतात, त्यानं दिवसभर धूळ खायची. रात्री पाळी लावून कळपाभोवती घोड्यावरनं गाणी म्हणत फिरायचं, आवाज ओळखीचा असला की जनावर बुजत नाही. तरी वीज कडाडली आणि कळप उधळलाच तर समोर आडवं जायचं नाही, चेंगरशील. कडेनं पुढच्या जनावरांना वळवत न्यायचं, कळप स्वतःभोवतीच गोल फिरत दमतो.

आचाऱ्याशी भांडण नको, कधीच नको. चार्ल्स गुडनाइटनं १८६६ ला मिलिटरीची जुनी गाडी घेऊन मागं कप्प्यांचं कपाट बसवलं, तेच फिरतं स्वयंपाकघर. बीन्स, पाव, कडक कॉफी, तांबडा-पांढरा विसरा. माळावर लाकूड नाही, मग जळण काय? शेणी! आणि थापायच्यापण नाहीत, बायसनचं वाळलेलं शेण नुसतं गोळा करायचं.

वसंतात सगळ्यांची जनावरं एकत्र गोळा करून वासरांना तापल्या लोखंडानं मालकाच्या खुणेचा डाग द्यायचा. वासरू ज्या गाईमागं जातंय तिचाच डाग त्याला, वाद संपला.

आता खरी मेख. बहुतेकांनी चारा साठवलाच नाही, माळावर गवत आहे की म्हणायचे. मग जनावरं वाढली, माळ खरवडला, १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला आणि त्या हिवाळ्यात बर्फ असा गोठला की खालच्या गवतापर्यंत तोंडच पोचेना. वाऱ्याला पाठ करून जनावरं चालत राहिली, काटेरी तारेच्या कुंपणाला अडली आणि तिथंच ढिगानं मेली. पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थिओडोर रुझवेल्टपण तेव्हा डकोटात रँच चालवायचा, त्याचा निम्म्याहून जास्त कळप गेला. त्यानंतर जे टिकले त्यांनी जनावरं कमी केली, कुंपण घातलं आणि उन्हाळ्यात गवत कापून साठवायला लागले.

भाचा म्हणाला, म्हणजे काऊबॉय शेवटी गवतच कापायचे व्हय? म्हटलं होय, आता ऊठ आणि आपल्या पिंजराच्या व्हळीवर ताडपत्री नीट ओढलीय का बघून ये.