रँडम आणि लिस्ट शिकताय? या चुका टाळा

इंदूरला घरीच संध्याकाळी मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. बरीचशी भंवरकुआंचा (इथला कोचिंगचा भाग) क्लास आटोपून तशीच येतात, आणि रँडम (नशिबावर आकडे किंवा नावं निवडायचं पायथनचं साधन) आणि लिस्ट (यादी) सुरू झालं की दर बॅचला त्याच त्याच चुका, त्याच क्रमाने. आता एकदा लिहूनच ठेवतो.

सगळ्यात आधी ती चूक जिच्यामुळे आमच्या मोहल्ल्यात भांडण व्हायची वेळ आली होती. गणपतीत शेवटच्या दिवशी लकी ड्रॉ होता, ६० नावं, १० बक्षिसं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने हौसेने प्रोग्राम लिहिला, लूपमध्ये, म्हणजे तेच काम परत परत करायला लावून, १० वेळा रँडम डॉट चॉईस. आदल्या दिवशी तिने मला चालवून दाखवला, दहाही नावं वेगळी आली, मी म्हटलं छान. दुसऱ्या दिवशी तिसरं आणि सातवं बक्षीस एकाच काकूंना! मागून कोणीतरी ओरडलं की हे आधीच ठरवलेलं आहे, पोरगी रडवेली झाली, शेवटी चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यातून काढल्या तेव्हा कुठे लोक शांत झाले.

कॉम्प्युटरने काहीच चुकीचं केलं नव्हतं. चॉईस म्हणजे डब्यातून चिठ्ठी काढायची, नाव वाचायचं आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. ६० नावांतून असं १० वेळा केलं तर कुठलं तरी नाव दोनदा येण्याची शक्यता साधारण ५५ टक्के आहे, म्हणजे आदल्या दिवशी नीट चाललं तेच नशीब होतं. चिठ्ठी बाहेरच ठेवायची असेल तर रँडम डॉट सँपल वापरा, लिस्ट द्या आणि किती हवेत तो आकडा द्या, एका ओळीत काम होतं. मात्र लिस्टमध्येच एक नाव दोनदा लिहिलेलं असेल तर सँपल पण ते दोनदा काढू शकतं, म्हणून लिस्ट आधी डोळ्याने बघा.

आणि यातूनच माझी खरी तक्रार निघते. "काका, चाललं की!" एकदा रन केलं, उत्तर आलं, लॅपटॉप बंद. साधा बेरजेचा प्रोग्राम असेल तर ठीक आहे एक वेळ, पण रँडम असलेला प्रोग्राम एकदा चालला याने काहीही सिद्ध होत नाही. रँडइंटचंच बघा, तो दिलेल्या दोन आकड्यांमधला कुठलाही पूर्ण आकडा काढतो. ६० नावांच्या लिस्टमधून नाव काढायला मुलं रँडइंटमध्ये शून्य आणि लेन (लिस्टमध्ये किती नावं आहेत तो आकडा) लिहितात. रँडइंट दोन्ही टोकं धरतो, म्हणजे ० ते ६०, एकूण ६१ आकडे, आणि लिस्टमधले इंडेक्स (जागांचे नंबर) शून्यापासून सुरू होतात, म्हणून शेवटचा आहे ५९. ६१ मध्ये एकदा प्रोग्राम कोसळणार. २० वेळा चालवून पाहिलंत तरी १०० पैकी ७२ वेळा ही चूक तुम्हाला दिसणारच नाही, ती दिसेल स्टेजवर. रँडरेंज वापरा, तो वरचं टोक सोडतो, किंवा सरळ चॉईस.

माझी सवय सांगतो. टेस्ट करताना लिस्टमध्ये फक्त ३ नावं ठेवतो आणि तिन्ही काढून बघतो, अशा छोट्या लिस्टमध्ये वरच्या दोन्ही चुका दोन मिनिटांत बाहेर पडतात. प्रोग्रामच्या सुरुवातीला रँडम डॉट सीडमध्ये ७ टाकतो, म्हणजे दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने येतात आणि चूक पकडता येते. खऱ्या ड्रॉच्या आधी ती ओळ काढायची, नाहीतर दर वेळी तीच माणसं जिंकतील.

मग शफल. डावीकडे लिस्टचं नाव 'नावं', मग बरोबरचं चिन्ह (=), मग रँडम डॉट शफल असं लिहितात आणि विचारतात लिस्ट गायब कुठे झाली. शफल जागच्या जागी पत्ते पिसतो, हातात परत काही देत नाही, म्हणून डावीकडच्या 'नावं'मध्ये लिस्टऐवजी 'नन' (म्हणजे काहीच नाही) जाऊन बसतं. फक्त शफल लिहा, डावीकडे काही नको. सॉर्टचं पण तेच.

लूप चालू असताना त्याच लिस्टमधून रिमूव्ह करू नका. २, २, ३ अशी लिस्ट घेऊन सगळे २ काढायला जा, एक २ शिल्लक राहतो, कारण पहिला निघाला की बाकीचे एक घर पुढे सरकतात आणि लूप दुसऱ्यावरून उडी मारून जातो. मी नवीन लिस्ट बनवतो, हवं ते त्यात घेतो. एक ओळ जास्त लागते, लागू दे.

ब = अ लिहिलं म्हणजे लिस्टची कॉपी झाली असं नाही, लिस्ट एकच, नावं दोन. डॉट कॉपी लिहा.

पासवर्ड किंवा ओटीपी बनवायला रँडम नको. आत मर्सेन ट्विस्टर ही आकडे बनवायची पद्धत आहे, खेळाला उत्तम, पण त्याचे पुरेसे आकडे बघितले की पुढचे काढता येतात. पायथन ३.६ पासून त्यासाठी सीक्रेट्स हे वेगळं साधन आहे.

आणि स्वतःच्या फाइलला रँडम डॉट पीवाय नाव देऊ नका. पायथन आधी तुमचीच फाइल उचलतो आणि म्हणतो यात चॉईस नाहीच. गेल्या बॅचला दोघं जण यावर अर्धा तास पायथन परत परत इन्स्टॉल करत बसले होते, फाइलचं नाव ड्रॉ डॉट पीवाय केलं आणि लगेच चाललं.