डायलिसिस, एक लिटर पाणी आणि वॉचमनची शहाळी

पाच वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा माझं डायलिसिस चालू आहे. स्लॉट बारा ते चार. म्हणजे सदाशिव पेठेत शटर ओढलेलं असतं, तेव्हा माझी किडनी ड्युटीवर. नव्याने सुरू झालेल्यांसाठी हे लिहितोय, कारण भलते सल्ले ऐकून कान किटले.

तयारी साधी. सैल बाहीचा शर्ट, एसीसाठी शाल आणि मोजे, इयरफोन. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी शिरेला जोडून केलेली जागा; त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, रक्तही काढू द्यायचं नाही. समोर कितीही मोठा डॉक्टर असो. जाताना मेट्रो चालते, येताना रिक्षाच. बीपी उतरलेलं असतं, जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी येते.

खरी गोची पाण्याची. मला दिवसाला एक लिटर ठरवून दिलंय. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा, शेजारच्या बेडला नको. दोन डायलिसिसच्या मधे जितके किलो वजन वाढतं, साधारण तितके लिटर पाणी मशीनला ओढावं लागतं. पहिल्या उन्हाळ्यात मी साडेचार किलो वाढवून गेलो. शेवटच्या तासाला पोटऱ्यांत असे गोळे आले की सिस्टरनी पाय दाबून धरले आणि माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

‘मन घट्ट करा’ म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. ही तहान मिठाची असते. आधी मीठ तोडा: लोणचं, पापड, फरसाण. मिसळ तर दुहेरी गुन्हा, कारण तर्रीसुद्धा पाण्यातच मोजायची. आमटी, ताक, आइस्क्रीमही. ‘सैंधव चालतं हो’ म्हणणाऱ्या एक काकू प्रत्येक सोसायटीत असतात. सैंधव म्हणजे मीठच. ‘लो सोडियम’ मीठ त्याहून वाईट; त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आपल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि थेट हृदयाला भोवतं. शहाळंही म्हणूनच बंद. भेटायला येणारा हमखास तेच आणतो. बायको हसून ठेवून घेते, मग खाली वॉचमनला देते. त्याच्या चेहऱ्यावर तेज आलंय.

माझी पद्धत: सकाळी लिटरची बाटली भरायची. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून तुळशीला. बर्फाचे खडेही त्याच बाटलीतले, मोजून. बाटली संपली की दिवस संपला.

सुई काढल्यावर जागा नीट दाबून धरा, रक्त थांबल्याशिवाय उठू नका.

आणि रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर बघा. लागली नाही तर लगेच सेंटरला फोन, पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबायचं नाही. नातवाला मी सांगितलंय, आत मांजर आहे. शाळेत निघताना तो माझ्या हाताला कान लावतो आणि दारातून ओरडतो, “आजी, गुरगुरतंय गं!”