चित्रपटसृष्टीवर उपहासात्मक एकांकिका लिहिताना

चित्रपटसृष्टीवर एकांकिका लिहायला बसलेला नवा लेखक बहुतेक वेळा काळा चष्मा लावलेला निर्माता, नखरेल नायिका आणि हांजी हांजी करणारा सेक्रेटरी यांच्यापासून सुरुवात करतो. ही पात्रे प्रेक्षकाने इतक्यांदा पाहिलेली असतात की तो त्यांना हसतो आणि विसरतो. महत्त्वाकांक्षेवरचा उपहास बोचायचा असेल, तर प्रेक्षकाला समोरच्या पात्रात आपली थोडी तरी ओळख पटली पाहिजे. म्हणून नायक हुशार, कष्टाळू आणि मनाने चांगला असावा, आणि त्याला पडद्यावर आपले नाव दिसावे एवढीच आस असावी.

त्यानंतर एकच गैर गोष्ट निवडावी. घराणेशाही, थकवलेले मानधन, चोरलेली कथा आणि ऑडिशनच्या नावाखाली होणारे शोषण हे सारे एका एकांकिकेत कोंबले, तर प्रत्येकावर एक विनोद होतो आणि कशाचीच धग लागत नाही. मी श्रेयाचा, म्हणजे पडद्यावर कोणाचे नाव कोणत्या कामाखाली येते याचा, विषय सुचवतो, कारण श्रेय कसे घसरत जाते हे रंगमंचावर डोळ्यांना दाखवता येते.

उदाहरणार्थ, कॉलेजच्या एकांकिकांपासून बरोबर असलेले दोन मित्र घ्यावेत. कथा एकाने लिहिली आहे आणि दुसऱ्याला, म्हणजे आपल्या नायकाला, दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली आहे. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या एका लहानशा कार्यालयात, भिंतीवर चिकटवलेल्या श्रेयनामावलीच्या मसुद्यावर सगळे नाट्य घडावे. पहिल्या प्रवेशात मित्राचे नाव ‘कथा’ या शब्दाखाली आहे. निर्मात्याच्या मेव्हण्याने एक प्रसंग सुचवल्यामुळे दुसऱ्या प्रवेशात ते ‘मूळ कल्पना’ होते. वितरकाला ओळखीचे नाव हवे असल्याने तिसऱ्यात ‘कथा साहाय्य’ होते, आणि शेवटी, पाटी फार भरगच्च दिसते म्हणून, ते ‘विशेष आभार’ या यादीत, जेवण पुरवणारे केटरर आणि गाड्या लावायला जागा देणारी सोसायटी यांच्या मधोमध जाऊन बसते. नाव घसरते त्या प्रत्येक वेळी दिग्दर्शक मित्राने एकच वाक्य म्हणावे: ‘तुझ्यासाठीच भांडलो रे आत.’ पहिल्या वेळी तो खरोखरच भांडलेला असावा, दुसऱ्या वेळी त्याने विषय नुसता काढलेला असावा, आणि तिसऱ्या वेळी तो आत गेलेलाच नसावा; तरीही नटाने वाक्य तिन्ही वेळा त्याच कळकळीने उच्चारावे. प्रेक्षकाचे हसू इथे पिकते आणि तिसऱ्या खेपेला घशात अडकते.

या उतरंडीतील प्रत्येक पायरीला पटण्याजोगे कारण हवे. निर्मात्याने घर गहाण ठेवलेले असू शकते. वितरकाला थिएटरमध्ये शो मिळवण्याची विवंचना असते. दिग्दर्शकाला ही संधी हुकली तर पुन्हा असिस्टंट म्हणून सेटवर उभे राहावे लागेल, याची भीती असते. कोणीही स्वतःला अप्रामाणिक समजत नाही, आणि विनोद तेथूनच येतो. एखादे पात्र नैतिकतेवर भाषण देऊ लागले, तर ते भाषण निर्दयपणे कापावे.

हे घडते का, असा प्रश्न पडणाऱ्याने १९७८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचावा. नाटककार आर. जी. आनंद यांनी आपले ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक निर्माते-दिग्दर्शक मोहन सेहगल यांना ऐकवले होते. पुढे १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आपल्या नाटकाची नक्कल झाल्याचा दावा आनंद यांनी केला. न्यायालयाला दोन्ही कलाकृतींत मोठे फरक आढळले आणि आनंद हरले. कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या मांडणीवर असतो, हे तत्त्व या निकालाने ठळकपणे सांगितले. उपहासकाराला यातून मोलाचा धडा मिळतो: कायद्याने मोकळे असणे आणि मित्राच्या नजरेला नजर देता येणे यांच्यामधल्या अंतरात आपले नाटक उभे करायचे असते. एखाद्या पात्राच्या तोंडी ‘कायद्याने यात काही चूक नाही’ हे वाक्य द्यावे, आणि ते खरेही असू द्यावे.

कोणाला हसायचे, याचा विचार लिहिण्याआधीच करावा. सकाळपासून उन्हात बसलेला ज्युनियर आर्टिस्ट, चहा फिरवणारा स्पॉटदादा, नव्वद दिवसांनी मिळणाऱ्या चेकवर घरभाडे भागवणारी मालिकेतील अभिनेत्री यांच्या अगतिकतेवर हशा मिळवणे मला हीन वाटते. त्यांना विनोद करू द्यावा; त्यांच्यावर करू नये. शोषणाचा प्रसंग घेतलाच, तर हसू त्याला सवयीने झाकणाऱ्यांच्या शब्दांवर यावे, सोसणाऱ्या व्यक्तीवर कदापि नको.

खऱ्या व्यक्तीची लकब, आडनाव किंवा गाजलेला वाद जसाच्या तसा उचलू नये. सुरुवातीला ‘पात्रे काल्पनिक आहेत’ अशी घोषणा केल्याने बदनामीच्या दाव्यापासून हमखास संरक्षण मिळत नाही. शिवाय ओळखू येणारा माणूस रंगमंचावर आला की प्रेक्षक कथानक सोडून तो कोण हेच ओळखत बसतो, हे नाटकाचे त्याहून मोठे नुकसान आहे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, त्यामुळे तालमी सुरू होण्याआधीच ती सादर करण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.

शेवटी नायकाला अद्दल घडवण्याचा मोह होतो. तो आवरावा. चित्रपट चालला, पारितोषिक मिळाले आणि दिग्दर्शकाने व्यासपीठावरून मित्राचे मनःपूर्वक आभार मानले, तर त्या टाळ्या प्रेक्षकाला अधिक अस्वस्थ करतील. पहिला खर्डा मात्र सेटवर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला, शक्यतो एखाद्या असिस्टंट डायरेक्टरला, मोठ्याने वाचून दाखवावा. ‘असं होत नाही’ असे तो म्हणेल तिथे तपशील दुरुस्त करावा, आणि जिथे तो वाक्य पुरे होण्याआधीच हसेल, तिथे उरलेले वाक्य काढून टाकावे.