नव्या इनचार्ज सिस्टरसाठी: वॉर्डातल्या मुलींना कसं सांभाळायचं

इनचार्ज झालात की पहिल्यांदा हातात स्टॉक रजिस्टर येतं, पण वॉर्डाचं वातावरण ठरतं ते ड्युटी लिस्टवर. मी सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची इनचार्ज आहे. मला विचाराल तर निम्मी भांडणं आणि निम्मं रडणं या एका कागदावरून सुरू होतं. महिना संपायच्या आठवडाभर आधी लिस्ट लावा. ईव्हिनिंग करून रात्री उशिरा घरी पोचलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी मॉर्निंगला बोलावू नका. लग्न झालेलं नाही, घरी लेकरू नाही म्हणून एकीवरच नाईट टाकत राहणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि तो सरळ अन्याय आहे. कुणाचा नाईट ऑफ मोडायची वेळ आलीच तर स्वतः फोन करून तिला विचारा. ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं होऊ नका.

सगळ्यात जपायची असतात ती चूक झाल्यानंतरची पहिली दहा मिनिटं. समजा, नवीन सिस्टर हात थरथरत तुमच्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, सात नंबरचं इंजेक्शन मी नऊ नंबरला दिलं." तुम्ही ओरडलात, तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही, आणि त्याची किंमत पेशंट मोजेल. आधी नऊ नंबरजवळ जा, बीपी-पल्स बघा, डॉक्टरांना कळवा, केसपेपरवर खरं ते लिहून घ्या. "बरं झालं लगेच सांगितलंस," हे बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणा. मग दुपारी तिच्याबरोबर ट्रॉलीपाशी उभ्या राहा आणि शोधा: तेव्हा वॉर्डात किती पेशंट होते? औषध भरताना कुणी हाक मारली का? दोन अँप्युल दिसायला सारख्या होत्या का? पेशंटची खाट बदलल्याचं ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना, सांगितलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल तर इतर औषधांत ठेवूच नका, वेगळ्या कुलपात ठेवा.

ओव्हर घेताना खाटेपाशी कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. राउंडला डॉक्टर नातेवाइकांसमोर सिस्टरला झापायला लागले तर तिथंच म्हणा, "सर, आपण ड्युटी रूममध्ये बोलू."

तरुण पेशंट दगावतो तेव्हा त्याच्याजवळ असलेली सिस्टर पुढचं इंजेक्शन भरायला लागते, जणू काही झालंच नाही. तिच्या खाटा अर्धा तास दुसऱ्या सिस्टरकडे सोपवा. चहा द्या, तिच्या जवळची मैत्रीण सोबत बसू दे. बळजबरीनं बोलतं करू नका. दोन दिवसांनी एकटीला गाठून विचारा, झोप लागते का, जेवतेस का. झोप उडालेलीच राहिली तर मानसोपचार विभागात जायला सांगा, तिला चालणार असेल तर सोबत जा, आणि ही गोष्ट तुमच्याबाहेर जाऊ देऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चेंजिंग रूममध्ये लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जगण्यात राम नाही असं कुणी बोलून गेलं तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

नातेवाइकांनी हात उचलला, तर "जाऊ दे, दुःखात होते" म्हणून मिटवू नका. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्यानं हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस चौकीत तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची असते. समितीच्या सदस्यांची नावं 14416 शेजारीच लावा आणि नव्या मुलीला पहिल्याच दिवशी दाखवा.

हे सगळं मावशी-मामांना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीसांनाही लागू आहे. त्यांना अगं-अरे करून हाका मारणं आधी आपण थांबवायचं.

आणि एका नाईटला दोन सिस्टर साठ पेशंट बघत असतील, तर गोड बोलून तो ताण हलका होत नाही. पेशंट किती, हजर सिस्टर किती, हे रोज रजिस्टरला लिहा आणि दर महिन्याला मेट्रनना, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना, लेखी द्या. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.