घरच्या फँटसी गेमसाठी जादूचे नियम बनवताय? या चुका टाळा

टेबलाभोवती बसून एकाने जग आणि नियम सांभाळायचे, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, अशा गेमसाठी स्वतःचं फँटसी जग बनवायला घेतलं की पहिला उत्साह नकाशावर जातो आणि दुसरा जादूवर. नकाशा चुकला तर फार बिघडत नाही, नदी डोंगर चढून गेली तरी कोणी विचारत नाही, पण जादू चुकली की तिसऱ्या सेशनला, म्हणजे तिसऱ्या बैठकीलाच, गेम आडवा. मी आत्तापर्यंत तीन कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या लांब गोष्टी, चालवल्यात, त्यातल्या पहिल्या दोन जादूनेच गेल्या.

पहिली गोष्ट, पुराण लिहीत बसू नका. जादू कुठून आली, कोणत्या देवाच्या रक्तातून आली, किती युगं झाली, हे मी तीस पानं लिहिलेलं आणि टेबलावर कोणी अर्धं पानही वाचलं नाही. प्लेअरचा प्रश्न एकच असतो, "मी आत्ता, या खोलीत, काय करू शकतो?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नसेल तर ती तीस पानं तशीच बाजूला ठेवा, पुढे कधी एखाद्या म्हाताऱ्या मांत्रिकाच्या तोंडी घालायला उपयोगी येतील.

मंत्राला हद्द नसणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या गेममध्ये 'हलवणी' नावाचा एक फालतू मंत्र होता, पहिल्या लेव्हलचा, फुकट. वर्णन एवढंच की मांत्रिक हात न लावता छोटी वस्तू हलवू शकतो. मला वाटलेलं पोरं पेला सरकवतील, कोणाची टोपी उडवतील, गंमत येईल. त्या सेशनसाठी मी सहा खोल्यांचं तळघर काढलेलं, प्रत्येक दार आतून कडी लावून बंद, आत जायचे आडवाटेचे रस्ते वेगळे, दोन आठवडे डोकं लावलेलं त्यावर. पहिल्याच दाराशी आमचा मांत्रिक म्हणतो, "कडी आतून आहे ना? कडी छोटीच वस्तू आहे. सरकवली." मी गप्प. काय बोलणार, नियमात अडवणारं काही नव्हतंच. वीस मिनिटांत सहाही दारं उघडी, आणि शेवटच्या खोलीत व्हिलन भाषणाला तोंड उघडतोय तोवर तोच मित्र शांतपणे विचारतो, "याच्या गळ्यातली नस पण छोटी वस्तूच नाही का?"

त्या रात्री घरी येऊन मंत्र परत लिहिला. वीस पावलांच्या आतली, डोळ्यांना दिसणारी, एका मुठीत मावणारी, कोणाच्या अंगावर नसलेली वस्तू, आणि हालचाल एका श्वासापुरती. म्हणजे अंतर, नजर, आकार, वेळ. या चार गोष्टी प्रत्येक मंत्राला लिहायच्याच, मग तो कितीही किरकोळ असो. वर सगळ्या जगासाठी एक नियम टाकला की जिवंत शरीराच्या आत कोणताही मंत्र थेट लागत नाही, उपचाराचा सोडून, आणि त्याला हात टेकवावा लागतो. या एका वाक्याने पुढची निम्मी भांडणं मिटली.

तेव्हापासून एक सवय लागलीये. मंत्र लिहून झाला की तो आधी चोराच्या नजरेने वाचायचा, मग खुन्याच्या, मग व्यापाऱ्याच्या. व्यापारी बहुतेक लोक विसरतात, आणि दगडाचं सोनं करणारा मंत्र पहिल्या लेव्हलला ठेवून बसतात.

किंमत चुकीच्या जागी लावणं

जादूला किंमत हवी हे सगळ्यांना माहीत असतं, प्रश्न ती किंमत नेमकी कुठे टोचते हा आहे. 1974 साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच टेबलावरच्या गेममध्ये मंत्र आधी पाठ करून ठेवायचा आणि एकदा वापरला की डोक्यातून गेला, अशी पद्धत होती. त्याच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधी, आहेत, ते बहुतेकांना आठ तासांच्या लाँग रेस्टनंतर, म्हणजे लांब विश्रांतीनंतर, परत मिळतात. घरचा गेम बनवताना आपण हेच उचलतो, नाव बदलून 'माना', म्हणजे मांत्रिकाकडची जादूची शिल्लक, म्हणतो, आणि मग टेबलावर एक ठरलेलं नाटक सुरू होतं. पहिल्याच मारामारीत सगळा माना उडवायचा, गुहेच्या तोंडाशी अंथरूण पसरायचं, झोपायचं, उठून परत तेच. यात प्लेअर आळशी नाहीत हो, नियमच त्यांना झोपा म्हणतोय.

उपाय दोन. एक तर जग थांबवू नका, पोरं झोपली तर तेवढ्या वेळात ओलीस ठेवलेला माणूस दुसरीकडे हलवला जाऊ दे, पुलाखालचं पाणी चढू दे. किंवा माना झोपेला न बांधता जागेला बांधा, म्हणजे ठराविक झऱ्यावर किंवा जुन्या झाडाखालीच तो परत भरतो. मला दुसरा जास्त आवडतो कारण मग नकाशाला पण काम मिळतं.

उलट्या बाजूलाही जाऊ नका. दुसऱ्या कॅम्पेनमध्ये मी जोशात येऊन ठरवलेलं की प्रत्येक मंत्रामागे मांत्रिकाचं आयुष्य एक वर्षाने कमी. वाचायला काय भारी वाटतं! प्रत्यक्षात मांत्रिक झालेल्या मैत्रिणीने चार सेशन एकही मंत्र टाकला नाही, नुसती काठीने मारत बसली, आणि पाचव्याला म्हणाली मला तिरंदाज करून दे.

घोटाळ्याचं गणित न करणं

जादू कधीकधी उलटावी हे मस्तच, पण आकडा बघा की. वीस बाजूंच्या फाशावर 1 आला की मंत्र उलटतो असं ठेवलं तर ती शक्यता दर वेळी 5 टक्के. ऐकायला कमी वाटते. पण एका सेशनमध्ये मिळून 14 मंत्र टाकले गेले तर निदान एकदा तरी उलटण्याची शक्यता 51 टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे आयुष्यभर शिकलेला महामांत्रिक दर दुसऱ्या आठवड्याला स्वतःचीच दाढी जाळतो. सहाचे दोन फासे घेऊन दोन्हीवर 1 आला तरच घोटाळा असं केलं तर दर वेळी 36 त एक, आणि त्याच 14 मंत्रांत साधारण 33 टक्के. तीन फाशांवर तिन्ही 1 म्हणजे 216 त एक, मग 14 मंत्रांत जेमतेम 6 टक्के. विनोदी गेम असेल तर वीसचा फासा ठेवा, गंभीर असेल तर तीन. मी दोनवर आहे.

सत्य ओळखणारा मंत्र आणि मेलेल्याला उठवणारा मंत्र, हे दोन शक्यतो ठेवूच नका. एकाने रहस्य मरतं, दुसऱ्याने मरणाची भीती मरते. पहिला हवाच असेल तर समोरचा माणूस स्वतःच्या बोलण्यावर विश्वास ठेवतोय का एवढंच त्याने कळावं, म्हणजे फसवलेला साक्षीदार अजूनही चुकीचं सांगू शकतो आणि तुमची गोष्ट वाचते.

जगाला जादूची खबरच नसणं

गावात एक माणूस चुटकीसरशी पाणी काढू शकतो आणि तरी विहिरीवर रांग आहे, हे कसं? प्लेअर विचारतातच. त्यासाठी एक आकडा ठरवा, हजारात किती जणांना जादू येते. दहा हजारांच्या शहरात हजारी एक म्हणजे दहाच मांत्रिक. आता त्या दहा जणांची दिवसभराची कामं लिहून काढा: दोघं राजाकडे, एक दवाखान्यात, एक आग विझवायला, एक कर्जात बुडालेला, एक लपलेला. एवढं झालं की रांग आपोआप पटते आणि वर सहा कॅरेक्टर फुकट मिळतात.

तलवारवाल्यांचं विसरू नका. मांत्रिक जर कुलूपही उघडतो, मारतोही, उडतोही, तर बाकीचे मोबाईल बघत बसतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

नियम बिघडलेला गेम मध्येच चालू असेल तर? देव कोपले, जादू आटली, असली सबब काढू नका, सगळ्यांना कळतं. सेशन सुरू व्हायच्या आधी सरळ सांगा की हा मंत्र मी चुकीचा लिहिला, आजपासून असा चालेल, ज्याच्याकडे तो होता त्याने हवा तर बदलून घ्या, आणि आधी जे घडलं ते घडलं. मी हलवणीबद्दल हेच सांगितलं तेव्हा मित्राने मंत्र बदलला नाही. वस्तू दिसली पाहिजे ना, मग आता तो प्रत्येक दाराशी गुडघ्यावर बसून आधी फट शोधतो, आणि मी तळघर काढताना प्रत्येक दारापुढे लिहून ठेवतो, फट आहे की नाही.