गडद निळी भिंत करताय? मग या चुका टाळा

रॉयल ब्लू, नेव्ही, मोरपंखी, यातला कुठलाही दणदणीत निळा घरात मस्तच दिसतो. फक्त एक लक्षात घ्या, क्रीम रंग भिंतीचे दोष झाकून नेतो, निळा एकही झाकत नाही, आणि मग लोक म्हणतात शेडच चुकली. शेड बहुतेक वेळा बरोबरच असते हो.

सगळ्यात जास्त घोळ लाइटमुळे होतो. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली शेडकार्डवरचा बोटभर चौकोन बघून आपण फायनल करतो आणि घरी हॉलमध्ये असतात पिवळे एलईडी, २७००-३००० केल्विनवाले, त्यात निळा मळकट दिसतो, कधी हिरवट मारतो, नेव्ही तर चक्क काळा वाटतो. म्हणून आधी छोटा डबा आणा, पांढऱ्या चार्टपेपरवर दोन कोट मारून पूर्ण वाळू द्या आणि तो भिंतीला लावून सकाळी, दुपारी आणि रात्री तुमचेच दिवे लावून बघा. जुन्या पिवळ्या भिंतीवर थेट पॅच मारू नका, आजूबाजूचा रंग डोळ्याला फसवतो. आणि भिंत रंगवून झालीच असेल तर परत पेंटर बोलवण्याआधी एक ४००० केल्विनचा, म्हणजे जरा पांढऱ्या उजेडाचा बल्ब लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

दुसरं म्हणजे ओल. मुंबई-कोकणात पावसाळा संपला की लगेच दिवाळीच्या घाईत रंगकाम काढतात, भिंत आतून अजून ओलीच असते, आणि मग निळ्यावर क्षारांचे पांढरे डाग आणि पोपडे येतात. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर एक दिवस चिकटवून ठेवा, आत दव धरलं तर थांबा. ओल जिथून येतेय ते आधी बंद करा, वरून कितीही महाग रंग लावला तरी टिकणार नाही.

पुट्टी घासून झाली की भिंतीला बाजूने टॉर्च लावून बघा, सगळे उंचवटे दिसतात. ते तसेच ठेवून वर चकचकीत फिनिश दिलं की रोज दिसत राहणार. मॅटमध्ये ते लपतात, पण गडद मॅटवर हात घासला की चकाकणारे डाग पडतात, त्यामुळे पॅसेज आणि मुलांच्या खोलीला हलकी शीन, म्हणजे थोडीशी चमकच बरी, आणि त्यासाठी पुट्टी नीट हवीच.

दोन कोटात उरकतो असं पेंटर म्हणाला तर ऐकू नका! गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात शेड मिसळतात त्या मूळ रंगात, पांढरं पिगमेंट फार कमी असतं, त्यामुळे खालचा रंग डोकावतो, राखाडी छटेचा प्रायमर आणि वर गरजेनुसार तिसरा कोट धरूनच बजेट करा. मधल्या वेळात घाई नको, डब्यावर लिहिलेले तास पाळा.

खिडकी असलेली भिंत निळी करू नका, उजेडाच्या विरुद्ध ती आणखी काळवंडते. चौकटी पांढऱ्या ठेवा, पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतली निळी घरं बघा, खिडक्या-दारांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्यांमुळेच तो निळा इतका खुलतो.

आणि रंग दुकानातल्या मशीनवरच बनवून घ्या, घरी स्टेनर (बाटलीतला घट्ट रंग) ओतून केलेला निळा परत जुळत नाही. डबे दोन असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करूनच लावा. शेडचा कोड झाकणावर लिहून थोडा रंग जपून ठेवा, पण मधेच ठिपका मारून टच-अप करू नका, पॅच उठून दिसतो, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारा.